पाणी ऐकू येणारी मुलगी आणि पंचविसाव्या पानावर अडलेली कादंबरी

प्रश्न लातूर जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचा आहे. बारा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी त्यांनी अद्भुत कादंबरी लिहायला घेतली आहे. नायिका तेरा वर्षांची, आजोबा पाणाडी, म्हणजे नारळ किंवा काठी घेऊन जमिनीतलं पाणी कुठे आहे ते सांगणारे, आणि या मुलीला जमिनीखालचं पाणी खरोखर ऐकू येतं. पंचवीस पानं झाली, पुढे सरकत नाही. नियम किती ठेवायचे, बोली वापरायची का, अंधश्रद्धा पसरवल्याचा आरोप आला तर काय करायचं आणि छापायचं कुठे, असं त्यांनी विचारलं आहे.

कल्पना भक्कम आहे, ती सोडू नका. पंचविसाव्या पानाच्या आसपास अडलेल्या बहुतेक हस्तलिखितांत एक गोष्ट ठरवायची राहिलेली असते: या शक्तीची किंमत कोण मोजणार? सुरुवातीची पानं शक्ती सापडण्यात, नवल वाटण्यात, कुणाला सांगावं की नाही या घोळात जातात. ती भराभर लिहून होतात, कारण तोवर कुणाचं काही गेलेलं नसतं. मग मुलगी पाणी दाखवते, पाणी लागतं, गाव खूश होतं. यानंतर दुसऱ्या शेतात पाणी दाखवण्याखेरीज तिला काही काम उरत नाही. मग लेखक एखादा पुढारी किंवा काळी शक्ती घेऊन येतो आणि पाण्याची कादंबरी पाठलागाची होऊन बसते.

किंमत ठरवताना हाताशी येतात त्या गोष्टी म्हणजे डोकं दुखणं, नाकातून रक्त येणं, आठवणी पुसल्या जाणं. त्या जगातल्या कुठल्याही शक्तीला चिकटवता येतात, म्हणून तुमच्या कथेला त्यांचा उपयोग नाही. तुमची किंमत तुमच्याच जमिनीत आहे.

मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्टवर बसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा खडक झाला. या खडकात जमिनीखालच्या नद्या नसतात. पाणी असतं ते वरच्या मुरमात, सच्छिद्र खडकात, भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात. साठा तुटक आणि मर्यादित असतो. एकाच भेगेवर दोन बोअर पडल्या तर दोघांचं पाणी एकच, आणि ज्याची मोटर खोल आणि ताकदीची त्याला ते आधी मिळतं. आजोबांच्या शेतात दोन इंची पाणी लागलं आणि महिनाभरात बांधापलीकडची काकूंची बोअर आटली, हे तुमच्या गावात कुणालाही खोटं वाटणार नाही. ही तुमची किंमत. मुलीने दाखवलेलं पाणी कुणाच्या तरी खालून येतं, आणि ते कुणाच्या खालून येतं हे एक दिवस तिला ऐकू येऊ लागतं. तिथून पुढे प्रत्येक वेळी "इथे पाणी आहे" म्हणणं हा निर्णय होतो, आणि तो तेरा वर्षांच्या मुलीलाच घ्यावा लागतो. किशोर कादंबरीत ही अट मी सगळ्यांत वर ठेवतो: शेवटचा निर्णय आजोबा, सरपंच किंवा गुरुजी यांच्यापैकी कुणीही घ्यायचा नाही.

आता नियम. ते एका पानावर मावले पाहिजेत आणि पाचाच्या वर जाऊ नयेत. तुमच्या कथेसाठी मी असे लिहीन. अनवाणी उभं राहिलं तरच ऐकू येतं. हलणारं पाणी ऐकू येतं, साचलेलं नाही. दिशा कळते, खोली कळत नाही. आसपास मोटर चालू असेल तर काही ऐकू येत नाही. आणि पाचवा नियम कादंबरीच्या मध्यावर उलगडतो: पाणी कुठून सुटलं आणि कुणाकडे निघालं, तेही कळतं. पहिले तीन नियम तिसऱ्या प्रकरणापर्यंत वाचकाच्या डोळ्यांसमोर घडून गेलेले असावेत. शेवटच्या तृतीयांशात नवा नियम आणायचा नाही. आणलात तर मुलं लगेच म्हणतात, "हे आधी का नाही सांगितलं?" आणि त्यांचं बरोबर असतं.

मोटरचा नियम मला विशेष कामाचा वाटतो. शेतीची थ्री फेज लाईट पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. म्हणजे तिची ऐकण्याची वेळ लाईटच्या वेळापत्रकावर ठरते. दिवसपाळी असेल तर ती रात्री अनवाणी शेतात जाणार, काळोखात, विंचूकाट्याच्या भीतीने. रात्रपाळीच्या दिवसांत शाळा बुडवून भर दुपारी जाणार. अद्भुताचा नियम रोजच्या अडचणीत असा अडकला की प्रसंग शोधत बसावं लागत नाही.

बोअर पाडण्याचा प्रसंग तुम्हाला टाळता येणार नाही, आणि बारकावे चुकायची सगळ्यांत जास्त भीती तिथेच आहे. क्रम नीट बघून घ्या. रिगची, म्हणजे बोअर पाडायच्या यंत्राची गाडी येते. पुष्कळदा ती आणि तिच्यावरचे कामगार तमिळनाडूचे असतात. दर फुटावर ठरतो, वरच्या ढासळत्या भागात केसिंग, म्हणजे आधाराचा पाइप टाकतात, त्याचे पैसे वेगळे. आधी काळी माती उडते, मग मुरूम, मग खडकाची राखाडी फक्की. अधूनमधून तांबडी भुकटी येते. दोन लाव्हाथरांमधला तो तांबडा पट्टा असतो. शेतकरी खुर्चीवर बसत नाही, उभा राहून आत गेलेले रॉड मोजतो, कारण प्रत्येक रॉडबरोबर त्याचं बिल वाढतं. पाणी लागलं की आधी फक्की ओली होते, मग चिखल येतो, मग उंच फवारा. हा फवारा कंप्रेसरच्या हवेने उडतो. पाणी आपल्या जोराने वर आलेलं नसतं. कंप्रेसर बंद झाला की फवारा बसतो, आणि खरं पाणी किती ते मोटर टाकून काही तास चालवल्यावरच कळतं. बहुतेक कथांमध्ये फवारा उडाला की प्रकरण संपतं. तुमच्याकडे त्याहून चांगली जागा आहे: फवाऱ्याखाली सगळं गाव भिजत नाचत असताना, मशीन थांबल्याच्या क्षणी मुलीला खालचा आवाज येतो आणि तो क्षीण होत चाललेला असतो. कायद्याचीही दखल घ्या. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने शेतीसाठी साठ मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल जायला बंदी घातली आहे, आणि गावोगाव बोअर पाचशे-सातशे फुटांवर जातात. मोठी माणसं हे उघडपणे करतात आणि कुणीही बोलत नाही. तेरा वर्षांच्या मुलीच्या नजरेला हे टोचलं पाहिजे.

लातूर जिल्हा म्हटला की आणखी एक गोष्ट टाळून चालत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या रात्री. हजारो माणसं गेली, गावं नव्या जागी वसवली गेली. नंतरही लातूर, हिंगोली, नांदेडकडच्या काही गावांतून जमिनीतून गूढ आवाज येत असल्याच्या बातम्या येत राहिल्या. अशा भागात एक मुलगी म्हणते, "खाली आवाज येतोय." घरातली म्हातारी काय करेल? ती पाण्याचा विचारही करणार नाही. अंथरूण उचलून अंगणात जाईल आणि लेकरांना बाहेर ओढेल. तुमच्या कादंबरीचा मधला भाग इथे आहे. मात्र भूकंप रंग भरायला वापरू नका. वापरायचा तर त्या घरात तेव्हा कोण गेलं, त्याचं नाव घरात घेतात की नाही, म्हातारी अजून दाराजवळच का झोपते, इतकं ठरवून मग वापरा.

अंधश्रद्धेचा प्रश्न तुम्ही विचारलात हे बरं झालं. पाणाड्याच्या हातातला नारळ उभा राहतो किंवा काठी वळते, याला शास्त्रीय आधार नाही. म्हणून तुमची कथा अद्भुतकथा आहे, विज्ञानकथा नाही, आणि ते तसंच राहू द्या. चुंबकीय लहरी, स्पंदनं, ऊर्जा असले शब्द घालून तिला अर्धवट शास्त्र चिकटवलंत तर नुकसान दोन्हीकडून होतं. ज्या मुलाला शास्त्र कळतं त्याचा विश्वास उडतो आणि ज्याला कळत नाही ते खोटं शास्त्र शिकतं. आजोबांची विद्या आणि नातीची शक्ती वेगळ्या ठेवा. आजोबांचा अंदाज कधी बरोबर येतो, कधी चुकतो, आणि तो झाडं, ओल, जुन्या विहिरींची पातळी पाहून बांधलेला असतो. हे त्यांना स्वतःलाही ठाऊक असू द्या. पैसे घेताना नारळ दाखवावा लागतो, याची त्यांना लाज वाटत असेल तर एक जिवंत माणूस उभा राहतो.

याच्या पुढची रेघ मात्र पक्की आहे. भानामती खरी दाखवायची नाही. मराठवाड्यात भानामतीच्या संशयाने बायकांचे खरोखर हाल झाले आहेत, त्यातही एकट्या, विधवा, गरीब बायकांचे. कादंबरीत एखादी बाई करणी करते आणि ती करणी लागू पडते असं लिहिलंत, तर तेरा वर्षांचा वाचक आपल्या गल्लीतल्या कुणाकडे तरी त्या नजरेने पाहील. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे, पण कायद्याची भीती हे इथे दुसरं कारण झालं. तुमच्या कथेत याची योग्य जागा अशी: बोअर आटू लागल्यावर गावात कुजबुज सुरू होते आणि बोट काकूंकडे जातं. पाणी का आटलं हे फक्त मुलीला माहीत आहे. ती बोलली तर आजोबांचं नाव जातं, न बोलली तर काकूंवर आळ येतो. हा पेच बाहेरून खलनायक न आणता उभा राहतो. आणि पाणी म्हटलं की जात आलीच: कुणाची बोअर, कुणाचा हौद, टँकर आल्यावर रांग कुठून सुरू होते. वस्त्यांची नावं आणि आडनावं लिहिताना ती आपोआप दिसणार आहे. ती पुसून गाव लिहिलंत तर मुलांना ते गाव ओळखूच येणार नाही.

मोठ्यांना बाजूला कसं काढायचं, हा या प्रकारच्या लेखनातला नेहमीचा पेच. बहुतेक लेखक नायिकेला अनाथ करून मोकळे होतात. इथे त्याची गरज नाही. आईवडील ऊसतोडीला गेले की दिवाळीच्या आसपासपासून मार्च-एप्रिलपर्यंत लेकरं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात असतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फेडायची असल्याने मधेच परत येता येत नाही. आईशी बोलणं फोनवर, तेही टोळीच्या मुक्कामाला रेंज असेल तेव्हा. कादंबरी याच पाच महिन्यांत बसवा: सुरुवातीच्या भागात येळवस (मार्गशीर्ष अमावास्येचा सण), म्हणजे शेतात खोप करून जेवायला गेलेलं सगळं शिवार आणि विहिरींना बऱ्यापैकी पाणी. शेवटाला मार्चचा कडाका आणि टँकर.

बारा ते सतरा हा वयोगट एकत्र धरू नका. तेरा वर्षांच्या नायिकेचे वाचक अकरा ते चौदाचे असतात, कारण मुलं स्वतःपेक्षा थोड्या मोठ्या पात्राबद्दल वाचतात. पंधरा-सतराच्या मुलांसाठी लिहायचं तर ती सोळा वर्षांची करा आणि लातूरच्या क्लासला, खोली करून राहणारी. मग शक्तीबरोबर 'नीट'ची परीक्षा, मार्क आणि लग्नाचा विषय कथेत येतो, आणि ते वेगळं पुस्तक आहे. मी तेराच ठेवीन.

भाषेबद्दल. निवेदन साध्या प्रमाण मराठीत, संवाद बोलीत, हे या वयासाठी सगळ्यांत चालतं. पण बोली एकाच तालुक्याची हवी. निलंग्याचं "जाऊलालंय" आणि जालन्याकडचं बोलणं एका तोंडी आलं की इकडची मुलं लगेच हसतात. दहा-बारा रूपं ठरवून एका कागदावर लिहा (हाय, नाय, पर, कामून, येरवाळी, बैजवार, क्रियापदाचं "-ऊलालंय") आणि तेवढीच पाळा. प्रत्येक शब्द मोडून लिहिलात तर सातवीतल्या मुलाला वाचता येत नाही. गरीब आणि म्हातारी पात्रंच बोली बोलतात असंही करू नका. गुरुजीही वर्गाबाहेर तसंच बोलतात. नात आणि आजोबांच्या संवादाचा हा नमुना बघा.

"आबा, खाली पाणी हाय."
"कितीक खोल?"
"ते नाय कळत. पर थांबलेलं नाय. काकूच्या शेताकडनं इकडं येऊलालंय."
आबांनी हातातला नारळ पिशवीत टाकला. "हे कुणाला बोलू नकोस," ते म्हणाले.

एवढ्या चार ओळींत दोन नियम, किंमत आणि आबांना आधीपासून काहीतरी माहीत असल्याचा संशय आला. वर्णन एकच आहे, नारळ पिशवीत जाण्याचं. तुमच्या पंचवीस पानांत शक्ती समजावून सांगणारे परिच्छेद असतील ते शोधा. बहुतेक असे संवादात किंवा कृतीत मोडता येतात, उरलेले काढून टाका.

या वयासाठी पस्तीस ते चाळीस हजार शब्द पुरे. प्रकरणं वीस-बावीस, प्रत्येकी सतराशे ते दोन हजार शब्दांची. हाताने लिहिलेली पंचवीस पानं म्हणजे साधारण साडेचार हजार शब्द, म्हणजे तुम्ही तिसऱ्या प्रकरणात आहात. पुढे लिहिण्याआधी फक्त तीन गोष्टी ठरवा: मध्यावर तिला पाचवा नियम कसा कळतो, काकूंवर आळ कधी येतो, आणि शेवटी ती सगळ्यांसमोर काय बोलते. मधला रस्ता लिहिताना सापडेल. शाळा सांभाळून आठवड्याला अडीच हजार शब्द झाले तरी चार महिन्यांत पहिला खर्डा होतो.

तपासायला वर्ग तुमच्या हाताशी आहे, पण आपल्याच शाळेतली मुलं बाईंना "छान" म्हणणार. दुसऱ्या शाळेतल्या सहकाऱ्याकडून सातवी-आठवीच्या वर्गात एक प्रकरण मोठ्याने वाचून घ्या. दोन हजार शब्दांना पंधरा-वीस मिनिटं लागतात. लेखक कोण ते सांगायचं नाही. सहकाऱ्याने छापील प्रतीवर, मुलं कुठे चुळबुळ करतात तिथे रेघ ओढायची. शेवटी "आवडलं का" विचारू नका, "आता ती काय करेल" विचारायला सांगा. सगळी मुलं एकच उत्तर देत असतील तर प्रसंग सोपा झाला आहे. दोन तट पडून वाद झाला तर प्रकरण जमलं.

छापण्याआधी टायपिंग युनिकोडमध्येच करा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेला मजकूर नंतर बदलताना रफार आणि "ऱ्या"सारखी अक्षरं तुटतात. "दुसऱ्या" आणि "बिचाऱ्या" यांची फोड झालेली चाळीस हजार शब्दांत हाताने शोधावी लागते. प्रकाशकाला एक पानाचा सारांश (शेवटासह), पहिली तीन प्रकरणं आणि वयोगट लिहिलेलं छोटं पत्र पाठवा. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिची जाहिरात आली की अटी नीट वाचा. कादंबरीतलं एखादं प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून उभं राहत असेल तर दिवाळी अंकांकडे उन्हाळ्यातच विचारणा करा. पुढे कधी खरी विज्ञानकथा लिहिलीत, समजा औंढा नागनाथजवळच्या, गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठीच्या लायगो प्रकल्पाच्या चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांवर, तर मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा आहे. १९७४ साली जयंत नारळीकरांनी तिथे नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवून पहिलं बक्षीस मिळवलं होतं.

प्रकाशक छपाईचे पैसे मागत असेल तर तो छपाईचा व्यवहार आहे हे ओळखून किती प्रती, कुणाच्या ताब्यात, विक्रीचा हिशेब कधी, एवढं लेखी घ्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे सरकारी यंत्रणेतून मोफत मिळतो, त्याचे वेगळे पैसे देऊ नका. मानधन किमतीच्या साधारण दहा टक्के असतं. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीनिशीच लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. "सर्व हक्क कायमस्वरूपी" असं कलम दिसलं तर ते छापील पुस्तकापुरतं आणि ठरावीक वर्षांपुरतं करून मागा, आणि ऑडिओ, अनुवाद, चित्रपट, वेबमालिका हे हक्क लेखकाकडे राहतील, असं एक वाक्य सही करण्याआधी घालून घ्या.